गाडी थरथरते, पण कधी?

‘शंभरला पोचली ना, की बघ,’ दादा म्हणाला. काटा शंभरला टेकला आणि माझ्या सीटखालून झिणझिण्या सुरू झाल्या. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, तर व्हायब्रेटवर टाकलेला मोबाइल धरल्यासारखं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा पोर्शेत बसले आणि काय मिळालं? पायाला मुंग्या!

सीन असा होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गेली सात वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी त्याने लहानपणापासूनचं स्वप्न सेकंडहँडमध्ये पूर्ण केलं आणि १९८७ची पोर्शे ९४४ घेतली. लालभडक, वर उघडणारे हेडलाइट्स, एकदम फिल्मी. ही गाडी बनायचीही त्याच्या घरापासून तासाभरावर, नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात.

मी पंधरा दिवस राहायला गेले तोवर मात्र स्वप्नाचं पार बिल झालं होतं. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा. मग नवे टायर. मग इंजिनाची नवी फाउंडेशन. थरथर जागच्या जागी. शेवटी एका गॅरेजवाल्याने सांगितलं, टॉर्क ट्यूब बदला. खर्च अडीच हजार युरो आणि गॅरंटी काय, तर ‘बहुतेक जाईल’. वहिनी एकच वाक्य बोलली, ‘एवढे पैसे असतील तर आई-बाबांची तिकिटं काढ, दोन वर्षं नुसतं बोलतोयस. नाहीतर गाडी विक.’

दादाने विकायची जाहिरात लिहायलाही घेतली होती. ‘किंचित थरथर’ हे शब्द टाकायचे की गाळायचे, इथे गाडं अडलं होतं.

आता थोडं काकांबद्दल, म्हणजे दादाच्या बाबांबद्दल. पुण्यात नाना पेठेत त्यांचं गॅरेज होतं. तीस वर्षं पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर. पुढे त्या गाड्याच रस्त्यावरून गेल्या आणि काकांनी शटर कायमचं ओढलं. दादा त्यांना रोज फोन करतो. बीपीच्या गोळ्या, पाऊस, भाजी, सगळं विचारतो. पण गाडीचं दुखणं त्यांना सांगितलं नव्हतं. ‘बाबांनी पोर्शे आतून पाहिलीय का कधी?’ असं म्हणाला. मला ते लागलंच. रविवारी व्हिडिओ कॉलवर मीच बोलून टाकलं.

काका चष्मा चढवून सरसावले. ‘काय काय बदललंस ते नंतर सांग. थरथरते कधी, ते आधी सांग.’

‘शंभरला, बाबा.’

‘हलते, की गुणगुणते?’

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘गुणगुणते, काका.’

‘मग चाकांच्या मागे कशाला लागलात?’

गणित सोपं आहे. या गाडीचं चाक एका फेरीत साधारण दोन मीटर जातं. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे चाकाच्या चौदा फेऱ्या. सेकंदाला चौदा धक्के बसले की स्टिअरिंग डुलतं, सीट हलते. मुंग्या येत असतील, तर त्याच्या कितीतरी पट जोरात फिरणारं काहीतरी बिघडलेलं असतं.

काकांनी होमवर्क दिला. वेग तोच ठेवून गिअर बदला. संध्याकाळी ऑटोबानवर मी वही घेऊन शेजारी बसले. चौथ्या गिअरमध्ये शंभरला मुंग्या, इंजिनाचा काटा ३,४०० आरपीएमला. शंभरलाच पाचवा टाकला, काटा २,७०० वर उतरला आणि मुंग्या गायब! पाचव्यातच सव्वाशेपर्यंत नेली, काटा पुन्हा ३,४०० वर आणि मुंग्या हजर. वर्षभर दादा ‘शंभरला’ म्हणत होता. दुखणं शंभरचं नव्हतंच, ३,४००चं होतं.

एवढ्यावर निम्मी यादी खोडली गेली. टायर, चाकांची बेरिंग, मागच्या चाकांना जाणारे दांडे आणि त्यांचे जॉइंट, हे सगळं रस्त्यावरच्या वेगाने फिरतं. दोष त्यांच्यात असता, तर गिअर बदलून फरक पडला नसता.

‘मग प्रोपेलरही सुटला,’ काका म्हणाले. पद्मिनीत गिअरबॉक्स पुढे, इंजिनाला चिकटून. प्रोपेलर त्याच्या मागे, म्हणून तोही रस्त्याच्या वेगाचा.

‘नाही बाबा,’ दादा म्हणाला, ‘हिचा गिअरबॉक्स मागे आहे. वजन पुढे-मागे सारखं वाटलं जावं म्हणून. मधल्या लोखंडी नळीतून बारीक दांडा जातो, तीच टॉर्क ट्यूब.’

काका गप्प झाले. मला वाटलं, आता ते ‘मला यातलं कळत नाही’ म्हणणार. पण म्हणाले, ‘म्हणजे हा दांडा गिअरबॉक्सच्या आधी. इंजिनाच्या स्पीडने पळणार. क्लच कुठेय?’

‘पुढे, इंजिनाला लागून.’

‘झालं तर! उभ्या गाडीत, न्यूट्रलला, ३,४०० वर धर. आणि क्लच दाब.’

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. न्यूट्रलमध्ये क्लचचं पेडल सोडलेलं असलं की या गाडीतला तो दांडा इंजिनाबरोबर फिरतच असतो. पेडल दाबलं की तो इंजिनापासून सुटतो आणि थांबतो. ट्यूबमधली बेरिंग खराब असतील तर पेडल दाबताच आवाज, थरथर दोन्ही जायला हवेत. आम्ही तसेच खाली पळालो. पेडल वर असताना मुंग्या. पेडल दाबलं, तरी मुंग्या तशाच!

टॉर्क ट्यूब निर्दोष. अडीच हजार युरो वाचले आणि खर्च झालं दहा सेकंदांचं पेट्रोल.

उरलं इंजिन. काकांचा पुढचा प्रश्न डॉक्टरी होता. ‘तिला शेवटचा हात कोणी लावला? कशासाठी?’ दादाने फाइल काढली. आधीच्या मालकाने विकायच्या दोन महिने आधी इंजिनाचे पट्टे बदलून घेतले होते. ते बिल पाहूनच तर दादाने गाडी घेतली होती! काका हसले, ‘म्हणजे हिला न थरथरताना तू पाहिलेलंच नाहीस.’

इथे ९४४ची खासियत कळीची ठरली. ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना काही धक्के एकमेकांना पूर्ण मारत नाहीत. इंजिन जेवढं मोठं, तेवढे ते जास्त. लहान गाड्यांत खपून जातं, पण ९४४चं इंजिन अडीच लिटरचं. म्हणून पोर्शेने मित्सुबिशीकडून लायसन्स घेऊन त्यात दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. मुद्दाम एका अंगाला जड केलेले हे दांडे इंजिनाच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरतात आणि ते धक्के मारून टाकतात. ३,४००ला हे दांडे ६,८००ने पळतात. त्यांना फिरवणारा दातेरी पट्टा वेगळा असतो आणि टायमिंग बेल्टबरोबर तोही बदलतात. बसवताना तो एखादा दात जरी सरकला, तरी थरथर मारायला ठेवलेले शाफ्टच थरथर करायला लागतात.

शनिवारी आम्ही तासावर भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो. जर्मनीत हा प्रकार मस्त आहे, लिफ्ट आणि हत्यारं त्यांची, घाम आपला. दादाने पुढची कव्हरं काढली, इंजिन खुणेवर आणलं. दोन्ही चक्रांवर अक्षरं होती, ओ आणि यू. ओ म्हणजे ‘ओबेन’, वर आणि यू म्हणजे ‘उंटेन’, खाली. मॅक्सम्युलर भवनमधलं माझं जर्मन तिथे कामी आलं! चक्रं आपापल्या जागी होती. पण खालच्या चक्राची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेशी जुळत नव्हती. बरोब्बर एक दात. एक!

पट्ट्याचा ताण मात्र दादाने स्वतः नाही लावला. तिथल्या मेकॅनिककडून गेज लावून करून घेतला. तो पट्टा तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच संपतं. हौसेलाही लिमिट हवी.

तुमच्या गाडीला मुंग्या येत असतील, तर पाकीट काढायच्या आधी वही काढा. कोणत्या वेगाला, कोणत्या आरपीएमला? गिअर बदलल्यावर जागा बदलते का? उभ्या गाडीत येते का? क्लच दाबल्यावर? आणि सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं? एवढं लिहून गॅरेजमध्ये गेलात, तर तुमच्या पैशांनी अंदाज बांधायची वेळ मेकॅनिकवर येणार नाही.

परत येताना काटा ३,४०० ओलांडून गेला. मी दांड्यावर हात ठेवून बसले होते, काही म्हणजे काही नाही. दादाने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि फोन लावून इंजिनाजवळ धरला. पुण्यात रात्र झाली होती. काका बराच वेळ ऐकत राहिले.

‘आता झोपली शांत,’ ते म्हणाले. मग, ‘माझ्या व्हिजिटची फी?’

‘तिकीट बुक करतोय, बाबा. दोघांचं.’

जाहिरात डिलीट झाली. काल काकांचा मला फोन आला होता. विमानात सामानाच्या बॅगेत पाने नेता येतात का, बारा-तेराचा आणि फिलर गेज? काकूला विचारू नकोस म्हणाले.