स्नॅपच्या आधीची मूठ

मंडळी, आज विषय जरा आडवळणाचा आहे. अमेरिकन फुटबॉलचे पंच! लेकीकडे ओहायोला गेले की नातवाच्या शाळेचे सामने ओघानं आलेच. आणि जन्मभर वर्गात हजेरी घेतलेल्या बाईची नजर खेळाडूंच्या आधी मोजणाऱ्यांकडे जाते, त्याला इलाज नाही.

सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. लोक ओरडतात ते त्यानंतर. मला आधीचे ते काही सेकंद आवडतात. रेफरी आणि अंपायर चढाई करणाऱ्या संघाचे खेळाडू मोजतात, मागे उभा असलेला बॅक जज बचाव करणाऱ्यांचे. 11 भरले की मूठ वळलेला हात एकमेकांना दाखवायचा. कितवा डाउन आहे ते विसरू नये म्हणून मनगटाला इलॅस्टिकचा पट्टा. त्याचा फास पहिल्या डाउनला तर्जनीत, दुसऱ्याला मधल्या बोटात. सहलीला आम्ही दोघी शिक्षिका मुलं वेगवेगळी मोजून मग आकडा जुळवायचो, अगदी तस्संच.

खरं काम कडेच्या पंचाचं. त्याच्या बाजूचा रिसीव्हर रेषेवर नसून मागे असेल, तर तो एक हात त्या संघाच्या पिछाडीकडे आडवा ताणून धरतो. पलीकडच्या पंचाला त्यावरून कळतं. हे अर्ध्या पावलाचं प्रकरण किरकोळ नाही हं. रिसीव्हर रेषेवर सरकला तर त्याच्या आतल्या बाजूला रेषेवर उभा असलेला टाइट एंड 'झाकला' जातो, आणि पुढे फेकलेला चेंडू झेलायचा त्याचा हक्क जातो. पाऊल एकाचं, भोगायचं दुसऱ्यानं!

म्हणून पोरं स्नॅपआधी पंचाकडे बघतात, "बरोबर उभा आहे ना?" अशा नजरेनं. एका सामन्यात पंचानं एकाला हलक्या आवाजात त्याची जागा सांगितली, तर आमच्या मागचे एक पालक उखडलेच. "तू पंच आहेस की कोच?" मग सामना संपेपर्यंत त्या बिचाऱ्यावर तोंडसुख.

मला हे अजिबात पटत नाही. लाखो डॉलर घेणाऱ्या खेळाडूला एक वेळ सांगू नका. पण ही चौदा-पंधरा वर्षांची मुलं. परीक्षेत पर्यवेक्षक उत्तर सांगत नाही, पण "बाळा, बैठक क्रमांक लिहायचा राहिलाय" एवढं सांगतोच की! त्यानं काही पेपर फुटत नाही. दोन्ही संघांना सारखंच सांगा, म्हणजे झालं. पिवळा रुमाल टाकून 5 यार्ड मागे नेण्यात कसला आलाय पराक्रम?

आमचे जावई म्हणतात, अशानं मुलं शिकत नाहीत. शिकतात हो. एकदा सांगून बघा, दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा खुशाल रुमाल टाका.

तिकडे बऱ्याच शाळांना हल्ली पंच मिळेनासे झालेत. शुक्रवारच्या थंडीत उभं राहून शिव्या खायला कोण येणार? ते पालक पुन्हा भेटले तर त्या वळलेल्या मुठीचा अर्थ विचारणार आहे मी त्यांना. माझं इंग्रजी अडखळतं, पण बघू.