विश्लेषण : कारखान्याचा सर्व्हर ओलीस धरला तर? जालना एमआयडीसीतील उद्योगांनी काय तयारी ठेवावी?

कल्पना करा, सळईने भरलेला ट्रक वजनकाट्यावर उभा आहे. भट्टी सुरू आहे, कामगार हजर आहेत. पण ऑफिसच्या संगणकावर बिलाऐवजी खंडणीची चिठ्ठी झळकते आहे. ऑर्डरी, दर, येणी-देणी सगळे कुलूपबंद. यालाच रॅन्समवेअर हल्ला म्हणतात. स्टील आणि बियाणे उद्योगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यासाठी हा धोका दूरचा नाही.

एमआयडीसीवरच हल्ला झाला होता?

होय. २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर ‘सिनॅक’ रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुख्यालयासह राज्यभरातील प्रादेशिक कार्यालयांचे ऑनलाइन काम ठप्प झाले. ५०० कोटींची खंडणी मागितल्याच्या बातम्या आल्या. चिठ्ठीत रकमेचा थेट उल्लेख नसल्याचे महामंडळाने स्पष्ट केले.

लहान कारखान्याकडे कोण कशाला वळेल?

हल्लेखोर कारखान्याचे नाव पाहत नाहीत. उघडे दार शोधतात, तेही आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने. ‘कोटेशन’ किंवा ‘जीएसटी नोटीस’ नावाची ई-मेलमधील फाइल, अकाउंटंटला घरून काम करता यावे म्हणून सुरू ठेवलेला रिमोट अ‍ॅक्सेस, सोपा पासवर्ड, पायरेटेड सॉफ्टवेअर ही नेहमीची दारे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाली, हेही लक्षात घ्या.

शिवाय फटका पुरवठादारामार्फतही बसतो. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर हल्ला झाला आणि तिची सेवा घेणाऱ्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले.

बॅकअप आहे, मग चिंता कशाची?

बॅकअपची हार्ड डिस्क कायम सर्व्हरला जोडलेली असेल, तर तीही लॉक होते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली. न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाचे टर्मिनलही बंद पडले. कंपनीच्या नेटवर्कचा कणा असलेल्या माहितीची एकच प्रत वाचली, ती घानातील कार्यालयात. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने जे नकळत केले, ते आपण ठरवून करायचे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक कारखान्याबाहेर आणि नेटवर्कपासून तोडलेली.

आणखी काय करावे?

ई-मेल आणि रिमोट अ‍ॅक्सेसला ओटीपीसारखा दुसरा टप्पा लावा. भट्टी व रोलिंग मिलची यंत्रे चालवणारे संगणक ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा. नोकरी सोडलेल्यांचे लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

हल्ला झालाच तर?

नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. संगणक घाईने फॉरमॅट करू नका; पुरावा जातो. चिठ्ठीचा फोटो काढून १९३० वर कळवा. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना ६ तासांत कळवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. पैसे भरले तरी डेटा मिळेलच याची खात्री नसते. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

सुरुवात कुठून?

येत्या साप्ताहिक सुटीला शेवटचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तो उघडला नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही.