रिकाम्या खुर्च्यांचा संघ

मुंबई सिटी फुटबॉल क्लबच्या सामन्यांना प्रेक्षक का येत नाहीत, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आहे : मराठी माणसाला क्रिकेटपलीकडे काही दिसत नाही. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. सारा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणारे असल्यामुळे ते क्लबवाल्यांच्या सोयीचे मात्र आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. २०१४ साली स्थापन झालेल्या या क्लबने २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगची ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल, २०२३-२४ मध्ये पुन्हा करंडक. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाला रियाधमध्ये हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तेव्हा यश नाही म्हणून माणसे नाहीत, असे म्हणण्यास जागा नाही. घरचे मैदान अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातले, दहा हजारांहूनही कमी खुर्च्यांचे. कोट्यवधींच्या महानगरात तेवढ्या भरण्याचीही मारामार!

आता कोल्हापूरकडे वळू. तेथे राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार समोरासमोर आले की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. तिथे कोणी सिनेनट मालक नाही. परंतु संघाचे नाव तालमीचे असते, आणि तालीम पेठेची असते. आजोबा ज्या संघाचे, नातूही त्याच संघाचा. हरल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेठेत तोंड दाखवावे लागते. ही ईर्षा कधीकधी हाणामारीवर जाते, तिचे कौतुक आम्ही करणार नाही. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हेही विसरता येत नाही. क्रिकेट कोल्हापुरातही आहेच की!

फरक आहे तो आपलेपणाच्या हक्काचा. मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने घेतला आणि २०२५ च्या अखेरीस सोडला. या घेण्यासोडण्यात अंधेरीच्या प्रेक्षकाला कोणी काही विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पुण्याची कथा याहून करुण आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली, आणि २०२५ मध्ये तो हैदराबादचा संघही दिल्लीला हलला. ज्याचे बिऱ्हाड मालकाच्या खतावणीवर उठते, त्याच्यावर जीव लावायचा कोणी? पाटाकडील तालीम उद्या नागपूरला हलवून दाखवावी.

मुंबईकरांना फुटबॉलची आवडच नाही, हेही खरे नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ मुंबई सिटीशी खेळावयास आला, तेव्हा हजारोंची गर्दी लोटली. नेयमार आदल्याच महिन्यात जायबंदी झाल्याने आला नव्हता, तरीही. मात्र ही गर्दी पाहुण्याच्या दर्शनाला आलेली होती. घरच्यांसाठी ती अंधेरीला जात नाही.

आमच्या मराठवाड्यात याचेच दुसरे टोक दिसते. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मेस्सीच्या नावाचे सदरे घातलेली मुले वर्गात बसतात, युरोपातले सामने रात्री मोबाईलवर पाहून सकाळी जांभया देतात. भारतीय संघातील पाच नावे मात्र त्यांना सांगता येत नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये शासनाने विश्वचषकाच्या उत्साहात शाळाशाळांतून फुटबॉल वाटले होते. तो चेंडू मारायचा कधी? सायंकाळी पाच ते आठ हा मैदानाचा काळ आता शिकवणीवर्गांचा झाला आहे. ज्या 'लातूर पॅटर्न'चा आपण अभिमान बाळगतो, त्याने आमच्या मुलांची संध्याकाळ गिळली, हे कोणी बोलत नाही. उरल्यासुरल्या मैदानांवर लग्नांचे मांडव नि पुढाऱ्यांच्या सभा! ज्याने कधी गुडघा फोडून घेतला नाही, तो दुसऱ्याचा खेळ पाहण्यासाठी दोन तास लोकलमध्ये उभा राहील कशाला?

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती मातीत बसून, झाडावर चढून माणसे पाहतात. तिथे उतरणारा पैलवान कोणत्या गावचा आणि कोणत्या वस्तादाचा, हे बघ्याला ठाऊक असते. मुंबई सिटीच्या चालकांना प्रेक्षक खरोखर हवे असतील, तर त्यांनी जाहिरातीचे फलक उतरवून अंधेरी-जोगेश्वरीच्या वस्त्यांतली पोरे संघात घ्यावीत, आणि हंगामातला एखादा सामना कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळून पाहावा. खुर्च्या तिथे फारशा नाहीत. पायऱ्या आहेत.