तिकिटाचे पैसे आणि पोराचे जुलाब

मे महिन्यातला सोमवार. सकाळी नऊ वाजताच कोरेगाव भीमातल्या माझ्या दवाखान्यातले बाक भरलेले असतात. त्यातले रविवारी वॉटर पार्कला जाऊन आलेले कोण, हे विचारावं लागत नाही. खांदे उन्हानं भाजलेले, मनगटावर पार्कचा कागदी पट्टा अजून तसाच आणि आईच्या मांडीवर मलूल झालेलं पोर.

"काय झालं?"

"पार्कचं पाणी बाधलं, डॉक्टर. जुलाब बंद करा, चांगली अँटिबायोटिक द्या आणि जमलं तर एक सलाईन लावून टाका."

या दोन वाक्यांत एक निदान आहे आणि तीन मागण्या. निदान बऱ्याचदा चुकीचं असतं आणि तिन्ही मागण्या बहुतेक वेळा चुकीच्या असतात. आज मला त्यावरच भांडायचं आहे. तुमच्याशी, पार्कवाल्यांशी आणि थोडं माझ्याच व्यवसायातल्या मंडळींशीही.

एका सहलीची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. वडील सणसवाडीच्या कंपनीत कामाला. वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी, दोन दिवसांची सहल, चौघांची तिकिटं महिनाभर आधी काढलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर पाच वर्षांच्या मुलाला तीन पातळ जुलाब झाले. तिकीट परत होणार नव्हतं, तारीखही बदलणार नव्हती. वडिलांनी जवळच्या मेडिकलमधून "मोशन थांबायची गोळी" आणली आणि पोराला दिली. जुलाब थांबले. सगळे खूश. पोरगं संध्याकाळपर्यंत पाण्यात.

रात्री अकराला ते माझ्याकडे आले तेव्हा पोराचं पोट ढोलासारखं फुगलेलं होतं. डोळे खोल गेलेले, दुपारपासून लघवी नाही, हाक मारली तर नुसती मान हलवायचा. मी त्याला तसाच पुण्याला पाठवला. चार दिवस रुग्णालयात काढून तो बरा होऊन आला.

हे आईवडील अडाणी नव्हते, निष्काळजी तर अजिबात नव्हते. त्यांनी मोजले ते तिकिटाचे पैसे. आपण सगळेच मोजतो, आणि या लेखाचं मूळ तिथेच आहे.

"पार्कचं पाणी बाधलं": जरा घड्याळ बघा

पोट बिघडलं की शेवटी जे खाल्लं-प्यायलं त्यावर खापर फुटतं. पण प्रत्येक जंतूचं आपलं वेळापत्रक असतं.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत उलट्या सुरू झाल्या, तर संशय अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा. आता आपला डबा आठवा. गाडी पहाटे चारला सुटणार म्हणून पुलाव आणि बटाट्याची भाजी रात्रीच केली, गरम असतानाच झाकण लावलं. तो डबा मे महिन्याच्या उन्हात डिकीत राहिला आणि दुपारी दोनला उघडला. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. कोमट, बंद डब्यात त्यांची चांगली वाढ होते आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केलं तरी जात नाही. म्हणजे पार्कला शिव्या देताना दोष आपल्याच डब्याचा असू शकतो.

बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सुरू झालं तर नोरोव्हायरससारख्या विषाणूची शक्यता जास्त. तो हातातून हातात, नळाच्या तोटीवरून, एकाच बाटलीला तोंड लावून पसरतो. वाटेतल्या सरबतातला बर्फही विसरू नका. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ सालापासून आहे. पण तुमच्या ग्लासातला पांढरा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारतो कोण?

आणि खरोखर तलावाच्या पाण्यातून होणारा एक महत्त्वाचा आजार, क्रिप्टोस्पोरिडियम, साधारण दोन ते दहा दिवसांनी उगवतो. तोवर आपण सहल विसरलेलो असतो आणि परवाच्या वडापावला दोष देतो.

क्लोरीन म्हणजे गंगाजल नव्हे

"अहो, त्यात क्लोरीन असतं की!" असतं. नीट राखलेल्या तलावात क्लोरीन ई. कोलायसारखा जंतू मिनिटाच्या आत मारतं. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस ए ला सुमारे पंधरा मिनिटं लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. पण क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही तो दहा दिवसांपर्यंत तग धरतो.

अमेरिकेत, जिथे तपासणी आणि नोंदी आपल्यापेक्षा कडक आहेत, तिथेही हे घडलं आहे. १९९८ साली अटलांटाजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये लहान मुलांच्या तलावातून ई. कोलाय पसरला. त्यात मुलं आजारी पडली आणि एक मूल दगावलं. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाण्याच्या फवाऱ्यांच्या एका पार्कमधून दोन हजारांहून जास्त लोकांना क्रिप्टोस्पोरिडियमची लागण झाली.

हा जंतू पाण्यात येतो कुठून? जुलाब झालेल्या माणसाकडून. निरोगी माणसाच्या अंगावरूनही सरासरी ०.१४ ग्रॅम विष्ठा पाण्यात धुऊन जाते, म्हणून आधी साबणानं आंघोळ करा म्हणतात. मग जुलाब सुरू असलेल्या मुलाचं काय?

म्हणून स्पष्ट लिहितो. जुलाब होत असलेलं मूल तलावात उतरवणं हा दुसऱ्याच्या मुलावर केलेला अन्याय आहे. डायपर घातलं तरी पातळ जुलाब अडत नाहीत. गोळी देऊन जुलाब थांबवले तरी पोटातले जंतू थांबत नाहीत. आपली तिकिटं वसूल होतात आणि त्याचं बिल अनोळखी घराच्या माथी जातं.

गोळी, अँटिबायोटिक, सलाईन

जुलाब म्हणजे शरीरानं घाण बाहेर टाकणं. थांबवायची गोळी आतड्याची हालचालच मंदावते. मोठ्या माणसाला क्वचित, ताप किंवा रक्त नसेल तर, ती चालते. दोन वर्षांखालच्या मुलांना तिची सक्त मनाई आहे आणि त्याहून मोठ्या मुलांनाही ती मनानं कधीच देऊ नये. आतडं निपचित पडतं, पोट फुगतं आणि पाणी आतड्यातच साठून राहतं. बाहेर जुलाब दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त, आत पोर सुकत असतं. वरच्या गोष्टीत हेच झालं.

अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही आणि अन्नातल्या विषावरही नाही. रक्ताचे जुलाब, कॉलरा अशा मोजक्या आजारांत ती हवी, आणि ते डॉक्टरनं ठरवायचं. मेडिकलमधून मिळणाऱ्या दोन-दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या खाऊन आपण जंतूंनाच शहाणं करतोय.

राहिलं सलाईन. मूल फार सुकलं असेल, शुद्ध हरपत असेल, पोटात काहीच टिकत नसेल तर सलाईन जीव वाचवतं. पण बोलत, खेळत, पाणी पीत असलेल्या मुलाला सुई टोचून मिळतं ते पाणी आणि मीठच, जे तोंडानं देता येतं. इथे आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. "सलाईन नाही लावलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल" ही भीती आम्हालाही असते. बाटली टांगली की पेशंट खूश, बिल मोठं. ओआरएस समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. पण त्या दहा मिनिटांसाठीच आम्ही शिकलो आहोत.

पुडीची ताकद आणि पुठ्ठ्याच्या डब्यातली फसवणूक

१९७१ साल. बांगलादेश मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांच्या पुड्या करून पिंपातल्या पाण्यात घातल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला लावल्या. तीसेक टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जमिनीवर झोपलेल्या कॉलऱ्याच्या रुग्णांना ज्यानं वाचवलं, ते आपल्याला "नुसतं पाणी" वाटतं!

आणि ज्यांना वाटत नाही, त्यांची वेगळी फसवणूक झाली. वर्षानुवर्षं ओआरएसचं नाव मिरवणारी गोड पेयं मेडिकलमध्ये विकली गेली. त्यांत साखर भरमसाट आणि क्षार अपुरे. जास्त साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला बंदी घातली.

खऱ्या पुडीवर हे सूत्र छापलेलं असतं. एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे आकडे वाचा, मगच पैसे द्या.

पार्कवाल्यांना माझे चार प्रश्न

दर १ जानेवारीला आमच्या शेजारी पेरणे फाट्याला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. तिथे तिकीट नाही. तरी प्रशासन पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं आणि आरोग्य पथकं उभी करतं. मग भरभक्कम तिकीट घेणाऱ्यांकडून आपण इतकं तरी मागायला नको?

१. तलावातलं क्लोरीन आणि पीएच आज किती आहे, हे दारातल्या फलकावर वेळ घालून का लिहिलं जात नाही? क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७.८ च्या आत हवा. नुसता उग्र वास म्हणजे स्वच्छता नव्हे. क्लोरीन घामालघवीशी मिसळलं की तो वास येतो.

२. पाण्यात कुणाला शौच झालं तर तलाव रिकामा करता का, आणि किती वेळ?

३. पाण्यात उतरण्याआधी साबणाची आंघोळ सक्तीची का नाही?

४. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारी मुलाच्या तिकिटाची तारीख का बदलून मिळत नाही?

चौथा प्रश्न पैशांचा वाटेल, पण तो आरोग्याचाच आहे. तिकीट बुडणार असेल तर बाप आजारी पोराला पाण्यात उतरवणारच. तारीख बदलून द्या, निम्मे आजारी लोक दारातूनच परत जातील. नुसती "जुलाब असल्यास उतरू नये" अशी पाटी लावून आणि पैसे खिशात घालून ही जबाबदारी संपत नाही.

सहलीत पोट बिघडलं तर

• बॅगेत ओआरएसच्या चार पुड्या आणि मोजमापाची एक लिटरची बाटली ठेवा. मोठी पुडी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. अर्धी पुडी ग्लासात टाकण्याचा प्रकार करू नका. क्षार जास्त झाले तरी धोका असतो. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा.

• प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमचा चमचा द्या.

• पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

• अंगावरचं दूध, मऊ भात, वरणाचं पाणी, ताक सुरू ठेवा. पोट उपाशी ठेवू नका. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानं चौदा दिवस झिंक द्या.

• जुलाबात रक्त, जोराचा ताप, सारख्या उलट्या, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, पोट फुगलेलं, पोर सुस्त, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना. जुलाबानंतरच्या दिवसांत हातापायांतली ताकद जाऊ लागली तरीही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारीचे रुग्ण वाढले, तेव्हा पुणेकरांनी हे जवळून पाहिलं. असं क्वचितच होतं, पण झालं तर तास महत्त्वाचे असतात.

• जुलाब पूर्ण थांबेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम निघाला असेल, तर थांबल्यानंतरही दोन आठवडे नाही.

सहलीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. वर्षभर कंपनीत राबून एक दिवस पोरांबरोबर पाण्यात डुंबावं, याहून चांगलं औषध माझ्या कपाटात नाही. पण त्या सकाळी लॉजवर पोराला जुलाब झालेच, तर तिकीट फाडा, पुडी फोडा आणि पोराला कुशीत घेऊन दिवसभर चमच्यानं पाणी पाजा. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडू द्या, पुढच्या महिन्याच्या पगारात ते भरून निघतील.