फलाट सहाचा, गाडी चारची

8 जून 2014 रोजी वर्सोवा–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो धावू लागली, ती चार डब्यांची. स्थानके मात्र सहा डबे सामावतील अशी बांधलेली! घाटकोपरला मध्य रेल्वेतून उतरणारा लोंढा चार डब्यांत मावणार कसा, हा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता. दहा वर्षांनंतरही गाडी चारच डब्यांची होती. फलाटाचा काही भाग मोकळा आणि जिन्यांवर मात्र रांगा, हे दृश्य कोत्या नियोजनाचे द्योतक होय. त्यात ते डबे चीनमधील नानजिंगहून आणलेले.

एप्रिल 2022 मध्ये सुरू झालेल्या 2अ आणि 7 या मार्गांसाठी बंगळुरूच्या बीईएमएलने सहा डब्यांच्या गाड्या घडविल्या. ऑक्टोबर 2024 पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या आरे–कफ परेड या भुयारी मार्गावर तर पहिल्या दिवसापासून आठ डबे आले. तेही आंध्र प्रदेशातील श्री सिटीत तयार झालेले. (कारखाना परकीय कंपनीचा असला, तरी राबणारे हात येथलेच.)

भुयारात ही दूरदृष्टी अपरिहार्यच होती. जमिनीवरचा फलाट मागाहून लांबविता येतो. पश्चिम रेल्वेवर 2009 मध्ये पंधरा डब्यांची लोकल धावली, ती त्यामुळेच. खडक फोडून बांधलेल्या स्थानकाला ती मुभा जवळजवळ नसते. पहिल्या मार्गाची अडचण मात्र खडकाची नव्हतीच. फलाट तयार असताना केवळ डबे वाढविण्याचे काम भाड्याच्या आणि मालकीच्या वादांत अडकावे, याचे उत्तर घाटकोपरच्या जिन्यावर ताटकळणाऱ्या नोकरदाराला कोणीतरी द्यायला हवे.