जुनी मर्सिडीज घेताय? आधी खालून बघा

महिन्याची शेवटची तारीख आली की आमच्या हुडकोत कुणाच्या ना कुणाच्या घरी हार-तुरे येतात. भिलाई स्टील प्लांटमधली तीस-पस्तीस वर्षांची नोकरी संपते आणि पीएफ, ग्रॅच्युइटीचे पैसे खात्यात जमा होतात. त्या पैशांच्या वाटा बहुतेक आधीच ठरलेल्या असतात. मुलीचं लग्न, नागपूरला प्लॉट, पोस्टात एफडी. पण काहींच्या मनात आणखी एक गोष्ट असते, जी ते बायकोलाही लवकर सांगत नाहीत. ती म्हणजे जुनी मोठी गाडी. तरुणपणी ज्या गाडीतून साहेब लोक उतरताना पाहिले, तशी.

शेजारच्या काकांनी मागच्या महिन्यात फोनवर एक जाहिरात दाखवली. ‘विंटेज मर्सिडीज, १९९६, पुणे मेड, नागपूर, साडेतीन लाख.’ काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, “अहो, एवढ्यात तर नवी वॅगनआरसुद्धा येत नाही. मग मर्सिडीज कशी काय येते?”

प्रश्न अगदी बरोबर होता. या गाड्या स्वस्त दिसतात, कारण त्यांच्या बाबतीत विकत घेण्याची किंमत हाच सगळ्यात लहान खर्च असतो. नवी असताना जी गाडी चैनीची होती, तिचे सुटे भाग आजही चैनीच्याच भावाने मिळतात. गाडीची किंमत घसरली, पण ब्रेक, गिअरबॉक्स आणि एसीच्या कॉम्प्रेसरची घसरली नाही.

आधी ‘विंटेज’ या शब्दाचा हिशेब करू. जाहिरातीत तो भाव वाढवायला टाकतात. आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच विंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे १९९६ ची मर्सिडीज कायद्याने विंटेज व्हायला २०४६ उजाडेल. आणि काकूंना घेऊन डोंगरगडला बम्लेश्वरीच्या दर्शनाला जायचं असेल, तर ती विंटेज नाही हेच बरं. विकणाऱ्याने त्या शब्दाचे पैसे लावले असतील, तर ते तिथल्या तिथे कापा.

काकांच्या जाहिरातीतली गाडी कोणती, तेही सांगते. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भारतात कंपनी काढली आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात केली. चाकणचा कारखाना नंतरचा, २००९ चा. पिंपरीच्या त्या पहिल्या गाड्या जगभर ‘डब्ल्यू१२४’ या नावाने ओळखल्या जातात. पेट्रोलवाली ई२२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई२५०डी. मजबुतीसाठी या मॉडेलचं मोठं नाव आहे आणि ते रास्तही आहे. पण मजबूत गाडीसुद्धा तीस वर्षांत म्हातारी होतेच.

काका म्हणाले, “इंजिन ऐकलं व्हिडिओत. मख्खन आहे.” बहुतेक जण इथेच फसतात. इंजिन दुरुस्त होतं, गरज पडली तर दुसरंही मिळतं. गंजलेली बॉडी मात्र पैसे खाते आणि कधी संपत नाही. या गाडीचा भाव ठरवताना माझ्या मते पहिला नंबर पत्र्याचा, दुसरा कागदांचा आणि मग इंजिनाचा. रंग आणि सीटचं लेदर अगदी शेवटी. विकणारा नेमका उलट्या क्रमाने दाखवतो.

पत्रा कसा वाचायचा

खरं तर रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या गावाला गंज शिकवायची गरज नाही. तरी बॉनेटवरचा तारा दिसला की भलेभले ते विसरतात.

फ्रिजवरचं एक चुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळा आणि दाराच्या खालच्या कडेवर, चाकांच्या वरच्या कमानींवर, मडगार्डवर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. पण या मॉडेलमध्ये एक मेख आहे. १९८९ नंतरच्या डब्ल्यू१२४ ला दारांच्या खाली रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत. दिसायला छान, पण त्यांच्या मागे ओल साठते आणि गंज आतून चालतो. बाहेरून काही कळत नाही. जॅक लावायच्या जागी प्लॅस्टिकची छोटी झाकणं असतात, ती काढून आत टॉर्च मारा. तिथे पापुद्रे निघत असतील, तर पट्ट्यांमागे काय असेल याचा अंदाज येतो. मागच्या काचेची खालची कड, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे आणि स्प्रिंग जिथे बॉडीला टेकते त्या जागाही पाहा. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय एक रुपयाचाही टोकन देऊ नका. विकणारा लिफ्टला नाही म्हणाला, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

गाडी आयुष्यभर कुठे राहिली, हे आवर्जून विचारा. नागपूर-भिलाईच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी आणि मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी एकाच वर्षाची असली तरी एका भावाची नसते. आणि मुंबईची असेल तर आणखी एक प्रश्न. २६ जुलै २००५ ला ती कुठे उभी होती? त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. वाळवून, रंगवून त्यांतल्या कितीतरी पुढे विकल्या गेल्या. ओळखायची खूण सोपी आहे. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर चिखलाची रेघ किंवा डाग असेल, तर गाडीने पूर पाहिला आहे. गालिचा उचलून वास घ्या. कुबट वासावर सुगंधी डबी ठेवलेली असेल, तर अधिकच सावध व्हा.

कागद

इथे बायकांनी पुढे व्हावं असं माझं मत आहे, कारण पुरुष तोवर स्टीअरिंगला हात लावून बसलेले असतात.

गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, कर्ज बाकी आहे का, विमा कधीचा, हे बरंचसं तिथे दिसतं. खूप जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी ऑनलाइन चढलेलीच नसते. विशेषतः आपल्याकडे जुन्या ‘एमपी’ पाटीच्या गाड्यांना हा त्रास होतो, कारण छत्तीसगड वेगळं झालं १ नोव्हेंबर २००० ला. अशी नोंद आधी आरटीओत चढवून घेण्याचं काम विकणाऱ्याचं. ‘तुम्ही घ्या, होऊन जाईल’ हे वाक्य ऐकून पैसे देऊ नका.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते चुकलं असेल, तर दर महिन्याचा दंड साचत जातो. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या साध्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे आणि आयात केलेल्या मोटारीची ८०,००० रुपये. हा फरक नीट लक्षात घ्या. आरसीवर गाडी ‘इम्पोर्टेड’ असेल, तर दर ५ वर्षांनी ८०,००० जातात. पिंपरीत जोडलेली ई२२० त्यातून सुटते. तिच्या आधीची, वकिलातींमधून किंवा परदेशातून परतलेल्यांबरोबर आलेली जुनी मर्सिडीज दिसायला कितीही राजेशाही असो, तिच्या भावातून हे पैसे वजा झालेच पाहिजेत. शिवाय अशा गाडीचा कस्टमचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, मागा.

नागपूरची गाडी भिलाईला आणायची म्हणजे राज्य बदललं. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुर्गच्या आरटीओत नव्याने नोंदणी आणि इथला कर वेगळा. कर्ज घेतलेलं असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५. चासी आणि इंजिनाचा नंबर आरसीशी स्वतः जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की चासी नंबराचा ठसा उठतो. एक आकडा जरी वेगळा असला, तरी घरी परत या.

इंजिनाबद्दल थोडक्यात. विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी आमच्यासमोरच सुरू करायची. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर ती आधी सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन सगळं खरं सांगतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच असेल, तर आत पाणी जात असण्याची शक्यता आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मेण दिसलं, तर तो संशय आणखी पक्का. ऑटोमॅटिक गिअर असेल, तर ‘डी’ टाकल्यावर गाडी किती उशिरा उचलते ते बघा. गिअरचं तेल लालसर हवं, तपकिरी आणि जळका वास असेल तर मोठा खर्च उभा आहे. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या काही वर्षांच्या पेट्रोल मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण कडक होऊन गळून पडतं, ते मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, त्या बदलण्याचा खर्च धरा. डिझेल गाडीला ही चिंता नाही. टायरवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली, तरी इतके जुने टायर बदलायचेच.

तपासणीला मेकॅनिक स्वतःचा न्या, त्याचे पैसे द्या आणि त्याला दुपारी बोलवा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात एसी लावून गाडी अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभी राहिली, तापली नाही, तर समजा निम्मी परीक्षा पास.

मग भाव किती?

उलटीकडून मोजा. त्याच मॉडेलची, ज्यात काहीच काम नाही अशी गाडी कितीला मिळते ते आधी शोधा. त्यासाठी या गाड्या पाळणाऱ्यांचे ग्रुप, क्लब आणि दोन-तीन जुने मेकॅनिक यांना विचारा. जाहिरातीतले आकडे मागणीचे असतात, विक्रीचे नसतात. पुढचे आकडे फक्त उदाहरणादाखल आहेत.

समजा, चांगली गाडी ६ लाखांना जाते. नागपूरच्या गाडीला पत्रा आणि रंग १,४०,०००, ब्रेक आणि खालचे रबर ७०,०००, एसी ४०,०००, टायर आणि बॅटरी ४०,०००, ट्रक, फी आणि कागद ३०,०००. झाले ३,२०,०००. जुनी गाडी उघडली की न दिसलेलं काहीतरी निघतंच, त्यासाठी याचा चौथा हिस्सा, म्हणजे ८०,००० आणखी. एकूण ४ लाख. सहातून चार गेले, राहिले दोन. म्हणजे साडेतीन लाखांची ती ‘स्वस्त’ मर्सिडीज काकांना साडेसात लाखांना पडते आणि हातात येते सहा लाखांची गाडी. त्यापेक्षा सरळ सहा लाखांची चांगलीच घेतलेली परवडते. हा कागद मी काकूंच्या वहीतच लिहून दिला.

यात भावना मोजलेली नाही, असं काका म्हणाले. बरोबर आहे. पण भावनेचे पैसे किती द्यायचे, हे हिशेब झाल्यावर ठरवावं, आधी नाही. वर ५०,००० द्यायचे असतील तर खुशाल द्या. फक्त ते एफडी मोडून देऊ नका. चांगली जुनी गाडी टिकवली तर भाव वाढतो, हे खरं आहे. मे २०२२ मध्ये १९५५ ची एक मर्सिडीज साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. पण तशा फक्त दोन गाड्या बनल्या होत्या. पिंपरीच्या ई२२० कडे गुंतवणूक म्हणून पाहू नका.

व्यवहार ठरलाच, तर पैसे बँकेतून द्या आणि टोकनच्या पावतीवर ‘एनओसी न मिळाल्यास रक्कम परत’ असं लिहून घ्या. विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या. ५ वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणून दुरुस्तीची बिलं आणि फोटो जपून ठेवा. आणि गाडी आणण्याआधी घरासमोरची जागा टेपने मोजा. डब्ल्यू१२४ ची लांबी पावणेपाच मीटरच्या आसपास आहे. आपल्या गल्लीत ती उभी केल्यावर शेजाऱ्यांची स्कूटर निघायला हवी. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत वाफ धरते. पत्र्याची साधी शेड, आठवड्यातून एकदा वीस मिनिटांची फेरी, आणि बॉनेटखाली उंदीर शिरले नाहीत ना, हे रोज सकाळी एकदा उघडून बघायचं.