शाल नको, पाळणाघर द्या

गेल्या ८ मार्चला साजगावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि माइकवरून पाच-सहा वेळा 'जिद्द' हा शब्द. नवऱ्याने टाकलेली बाई, पदरी मूल, तरी नर्सिंग पूर्ण केलं! टाळ्या वाजल्या. मीही हात जोडले. घरी येऊन नारळ फोडला आणि मग राग आला. तो इथे मांडते आहे, कारण मैत्रिणींनो, टाळ्या वाजवण्यात आपल्याच गटातल्या बायका पुढे होत्या.

शिकण्याआधी सहा वर्षं मी एका खाजगी नर्सिंग होममध्ये 'सिस्टर' होते. शिक्षण बारावी. पांढरा ड्रेस चढवला की झाली सिस्टर! सलाईन लावायचं, इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणीचं सगळं करायचं आणि पगार मात्र मावशीचा घ्यायचा. शिकलेली नर्स परवडत नाही, म्हणून असल्या आमच्यासारख्या बायका ठेवतात. मी शिकायचं ठरवलं ते सेवाभावाने नव्हे. नोंदणी झालेल्या नर्सला जो पगार मागता येतो, तो मला मागायचा होता.

प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मी ३१ वर्षांची, एका मुलीची पालक. माझा पालक कोण? शेवटी माझ्या आईने अंगठा उठवला. कोर्स तीन वर्षांचा, वसतिगृहात राहणं सक्तीचं. मुलगी पाच वर्षांची. ती आईकडे साजगावात राहिली आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याच नर्सिंग होममध्ये पाळी करून दोघींचा खर्च काढला.

भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा की प्रमाणपत्र हातात पडण्याआधी वॉर्डातल्या कामाची हजेरी शंभर टक्के भरली पाहिजे. या नियमाशी माझं भांडण नाही. माणसाच्या जिवाशी खेळ नको. भांडण आहे ते हा नियम कोणाला डोळ्यांसमोर ठेवून राबवला जातो त्याच्याशी. अठरा वर्षांची, मागे कोणी नसलेली मुलगी, एवढीच विद्यार्थिनी त्यांना ठाऊक आहे. कार्तिकीला आमच्याकडे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. त्या दिवसांत आई सुक्या मासळीच्या दुकानावर मजुरीला जाते, वर्षाचे चार पैसे तेव्हाच सुटतात. अशाच एका रात्री मुलगी तापाने फणफणली आणि शेजारणीचा फोन आला. मी रात्रपाळीवर. सोडा म्हटलं तर उत्तर मिळालं, "घरचे प्रश्न घरी ठेवून यायचे." सोडलं असतं तरी त्या वेळी कर्जतहून खोपोलीची गाडी नव्हती. रात्रभर दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं त्यात आलं. पण कर्मचारी! त्याच वॉर्डात, तीच रात्रपाळी, तीच बेडपॅन उचलणारी विद्यार्थिनी कर्मचारी नसते. काम करून घेताना ती स्टाफ आणि हक्क मागताना 'अजून शिकतेय ना तू'. मग तिच्या मुलाला जागा कुठली?

लष्करी नर्सिंगच्या पदवी प्रवेशाच्या जाहिराती काढून पाहा. अविवाहित, घटस्फोटित, विधवा चालतील, पण 'जबाबदारी नसलेल्या', असं त्यांत वर्षानुवर्षं छापून आलं. मूळ इंग्रजी शब्द तोच, जो जमिनीवरच्या बोज्याला वापरतात. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसं बाईवर मूल! लग्न केलं एवढ्यावरून लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली या सेवेतून काढलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून साठ लाख रुपये द्यायला लावले. छत्तीस वर्षांनी.

आणि ही गोष्ट आजची थोडीच आहे! पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी लहानग्या मनोरमेला घेऊन वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकी हुकली. पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना मनोरमा वाँटेजला जोगिणींकडे राहिली. एवढी विद्वान बाई, पण मुलीला कुठे ठेवायचं हा प्रश्न तिलाही सुटला नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा पुण्याने नाकं मुरडली. पण सेवासदनाने नुसतं 'शिका' म्हटलं नाही, राहायची सोयही केली. सोय! आपण शंभर वर्षांनी तो शब्द टाकून 'जिद्द' धरून बसलो आहोत.

आपली चळवळही यातून सुटत नाही. १९८८ च्या संगमनेरच्या परिषदेपासून परित्यक्तांसाठी पोटगी मागितली, वेगळं रेशनकार्ड मागितलं. ते मागायलाच हवं होतं. पण ती बाई तिशीत पुन्हा वर्गात जाऊन बसेल, हे आपल्या मागण्यांच्या यादीत ठळकपणे कधी आलं? २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगलं झालं. पण रात्री आठला ड्यूटीवर निघताना फीमाफीचा कागद मुलाला जेवू घालत नाही.

कोणी म्हणेल, आजी असते ना घरात. हो, असते. माझं शिक्षण माझ्या जिद्दीवर नाही, त्या बाईच्या दुखऱ्या गुडघ्यांवर झालं. तिला शाल कोणी दिली नाही. आणि जिला आईच नाही, तिने काय करायचं?

प्रत्येक परिचारिका शाळेला रात्री चालणारं पाळणाघर हवं. मूल असलेल्या विद्यार्थिनीला वसतिगृहाबाहेर राहायची मुभा हवी, मूल आजारी पडलं तर बुडालेली पाळी दंडाविना भरून द्यायची सोय हवी आणि फॉर्मवरचा तो पालकाचा रकाना सज्ञान बाईसाठी जायला हवा. यातलं शेवटचं करायला तर एक पैसा लागत नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ढेकूच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी एक बाई माझ्याकडे आली. वय ३४. जनरल नर्सिंगला वयाची अट ३५ ची, म्हणजे हेच वर्ष. बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. दोन मुलं दारात उभी. फीचं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "ताई, ह्यांना कुठं ठेवू?"